रात्री दोनला फोन कोण उचलणार?

सभेला श्रोता एकच आला, आणि ज्यानं सभा ठरवली होती तो स्वतःच फिरकला नाही. ऑगस्ट २००८, टोरांटो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या 'अजाईल' परिषदेत अँड्र्यू शेफर यानं एक चर्चा लावली होती. प्रोग्राम लिहिण्याची जी नवी चपळ पद्धत आली आहे, ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कामालाही लावता येईल का, हा विषय. कुणाला रस दिसेना, म्हणून त्यानं नाद सोडला. बेल्जियमहून आलेला पॅट्रिक देब्वा मात्र वेळेवर जाऊन बसला. रिकाम्या खुर्च्या पाहून तो उठला आणि शेफरला शोधत फिरला. शेवटी त्याला बाहेरच्या बोळात गाठून त्यानं जी चर्चा व्हायची ती तिथंच उरकली.

देब्वाला एवढी तळमळ असायचं कारण होतं. आदल्या वर्षी तो बेल्जियम सरकारच्या एका मंत्रालयाचं डेटा सेंटर हलवण्याच्या कामावर होता. कधी प्रोग्राम लिहिणाऱ्यांत बसायचं, कधी सर्व्हरवाल्यांत. दोन्हीकडची माणसं एकाच कामासाठी पगार घेत होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. यात कुणाचा स्वभाव वाईट होता असं नाही. एकाला शाबासकी मिळायची ती रोज नवं काही केलं म्हणून, आणि दुसऱ्याला मिळायची काही बंद पडलं नाही म्हणून. आणि नवं काही केलं, की काहीतरी बंद पडतंच.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या 'व्हेलॉसिटी' परिषदेत फोटोंची साइट असलेल्या फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितलं, की आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड चालू साइटवर चढवतो. त्या काळात बऱ्याच कंपन्या महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, शुक्रवारी रात्री, देवाचं नाव घेऊन हे काम करत. फ्लिकरच्या दोघांचं म्हणणं असं, की यंत्रं तर लागतातच, पण त्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांवर ढकलणं थांबवायला हवं. देब्वानं हे भाषण बेल्जियममधून पडद्यावर पाहिलं आणि तिथं हजर नसल्याची हळहळ ट्विटरवर व्यक्त केली. कुणीतरी उलट विचारलं, मग तू तुझ्याच गावात का नाही भरवत? ३० आणि ३१ ऑक्टोबर २००९ रोजी गेंट शहरात पहिली 'डेव्हऑप्सडेज' परिषद झाली. 'डेव्ह' म्हणजे प्रोग्राम लिहिणारे, 'ऑप्स' म्हणजे सर्व्हर सांभाळणारे. नंतरच्या गप्पांत नावातलं 'डेज' गळून पडलं आणि एका व्यवसायाचं बारसं झालं.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगायचं कारण म्हणजे या जन्मकथेमागे एकही विद्यापीठ नाही, कंपनी नाही, प्रमाणपत्र नाही. आपल्या कामाचा दुसऱ्याला होणारा त्रास आपल्या अंगावर घ्यायचा, असं ठरवलेली काही माणसं एवढाच तिचा ऐवज.

आता पुण्यात या. कर्वे रस्त्यापासून हिंजवडीपर्यंतच्या विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठींवर डेव्हऑप्सच्या क्लासच्या जाहिराती दिसतात. नॉन-आयटीवाल्यांचं स्वागत, गॅप असला तरी चालेल, प्लेसमेंटची हमी. अभ्यासक्रम म्हणजे हत्यारांची यादी : लिनक्स, गिट, जेनकिन्स, डॉकर, कुबरनेटीज, टेराफॉर्म, अँसिबल, एडब्ल्यूएस. शनिवार-रविवार वर्ग. सर मोठ्या पडद्यावर कमांड टाकतात, मुलं ती वहीत उतरवतात आणि शेवटी एक 'प्रोजेक्ट' मिळतो. तोच मागच्या बॅचला मिळालेला असतो आणि पुढच्या बॅचलाही मिळणार असतो. मुलाखत घेणाऱ्यांना तो आता तोंडपाठ आहे.

यात सगळा दोष क्लासवाल्यांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. इंजिनिअरिंगला असलेल्या कुणालाही सबमिशनचा आठवडा आठवत असेल. पुढच्या बाकावरच्याची जर्नल रात्रभर उतरवायची, निष्कर्षासकट. प्रयोग झाला की नाही हे कुणी विचारत नाही, सही झाली की नाही हे सगळे विचारतात. चार वर्षं हीच सवय मुरवलेल्या मुलाला आपण एकदम सांगतो, की आता 'हँड्स-ऑन' शिक. तो तेही उतरवूनच शिकतो. आणि बाजार जरा घट्ट झाला की काही जण त्याच्या पुढची पायरी गाठतात आणि कागदोपत्री दोन-तीन वर्षांचा अनुभव विकत घेतात. कंपनीची पडताळणी त्यात कुणाला पकडते, कुणाला नाही. पण पडताळणीतून सुटलेल्याची खरी परीक्षा पुढेच असते. प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली चालू यंत्रणा, पहिल्यांदा बंद पडते तेव्हा कॉलवर वीस माणसं असतात, आणि सगळे याच्या स्क्रीनकडे बघत असतात.

या व्यवसायाची अडचणच ही आहे, की त्यातली मुख्य गोष्ट आपल्या लॅपटॉपवर घडत नाही. डॉकरचा कंटेनर घरी छान चालतो. टेराफॉर्मनं पाच मिनिटांत सर्व्हर उभा राहतो. चालणारी गोष्ट चालवून पाहायला फारसं ज्ञान लागत नाही. ती अर्धवट बंद पडते, लोक ताटकळलेले असतात, नक्की काय झालं ते माहीत नसतं आणि तरी पुढची कमांड टाकायची असते, तेव्हा या माणसाची गरज लागते.

गिटलॅबची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, पण ती साधारण अर्धीच सांगितली जाते. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती जागा. त्या दिवशी मुख्य डेटाबेसवर ताण वाढला आणि त्याची जोडप्रत मागे पडली. एक अभियंता रात्री काम आवरून निघायच्या बेतात होता, तो यात अडकला. जोडप्रत पुन्हा नव्यानं घ्यायची तर तिथला जुना फोल्डर रिकामा करायला हवा, म्हणून त्यानं तो पुसायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण जोडप्रतीच्या नव्हे, मुख्य यंत्रावर बसलो आहोत. कमांड थांबवली तोवर ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

इथवर सगळे सांगतात आणि 'बघा, काळजी घ्या' म्हणून थांबतात. खरी गोष्ट इथून पुढे आहे. बॅकअपच्या एक नाही, बऱ्याच सोयी होत्या. रोजचा बॅकअप ज्या ठिकाणी जमा व्हायचा ते उघडलं तर रिकामं. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, त्यामुळे तो गुपचूप बंद पडत होता. बंद पडल्याच्या ईमेल निघत होत्या, पण त्यांच्यावर आवश्यक ती सही नसल्यानं समोरची मेलव्यवस्था त्या परत लोटत होती. क्लाउडवरचे डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या यंत्रांसाठी चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते एका योगायोगानं. त्याच अभियंत्यानं सहा तासांपूर्वी, वेगळ्याच कामासाठी, हातानं एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. तो चाचणीच्या संथ यंत्रावर होता. तिथून माहिती परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

या काळात कंपनीनं जे केलं ते त्याहून विलक्षण होतं. दुरुस्तीच्या टिपणांचा कागद जगाला खुला केला. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, आणि हजारो लोक एका डेटाबेसची कॉपी होताना टक लावून बघत बसले. टिपणांच्या आज दिसणाऱ्या रूपात त्या अभियंत्याचं नाव नाही, 'टीम मेंबर १' एवढंच आहे. नंतर प्रसिद्ध केलेल्या चौकशीत 'का' हा प्रश्न विचारत विचारत ते तळाशी गेले. बॅकअपची चाचणी का झाली नव्हती? कारण ते काम कुणाचंच नव्हतं. त्याचा धनी कुणीच नव्हता.

माझ्या मते डेव्हऑप्स शिकू पाहणाऱ्यानं पहिल्या दिवशी हे एक वाक्य ऐकावं. बॅकअप घेणारी हत्यारं होती, ती बसवणारी हुशार माणसं होती. नव्हता तो उत्तर द्यायला बांधलेला माणूस. असंच २०१२ साली १ ऑगस्टला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीत आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढला आणि एक राहून गेला. बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तिथल्या सरकारी नियामकाच्या चौकशीत निघालं, की बाजार उघडण्याआधीच त्यांच्याच यंत्रणेनं ९७ ईमेल पाठवून काहीतरी बिनसल्याचं कळवलं होतं. त्या वाचणं हे कुणाचं ठरलेलं काम नव्हतं.

तेव्हा डेव्हऑप्स गटानं शिकण्याकडे 'गटानं अभ्यास केला की उत्साह टिकतो' एवढ्यापुरतं बघू नये. उत्साह टिकतो हे खरंच आहे. पण इथं एकमेकांना बांधील असणं हा अभ्यासाला लावलेला टेकू नसून तोच अभ्यासाचा विषय आहे. हत्यारं दर पाच वर्षांनी बदलतात. २०११ साली हडसनचं जेनकिन्स झालं, २०१३ साली डॉकर आलं, २०१४ साली कुबरनेटीज आणि टेराफॉर्म. २०२३ साली टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं. यातलं कुठलंही हत्यार सर्टिफिकेटसकट कालबाह्य होऊ शकतं.

हातानं करून शिकण्याच्या वाटा कुणी चांगल्या आखल्या, ते बघताना मला फॉरेस्ट ब्राझील यांनी एप्रिल २०२० मध्ये सुरू केलेलं 'क्लाउड रेझ्युमे चॅलेंज' सगळ्यांत हुशारीचं वाटतं. काम ऐकायला पोरकट आहे. आपला बायोडेटा वेबपानावर टाकायचा आणि खाली आकडा दाखवायचा, की आजवर किती जणांनी हे पान पाहिलं. बस्स. पण पायऱ्या सोळा आहेत आणि कृती कुठंच लिहून दिलेली नाही. पान क्लाउडच्या साठवणीतून दिसलं पाहिजे, स्वतःच्या डोमेनवर, कुलपाच्या चिन्हासकट. आकडा डेटाबेसमध्ये राहिला पाहिजे. पानानं डेटाबेसला थेट हात लावायचा नाही, मध्ये एपीआय आणि एक छोटं फंक्शन हवं. हे सगळं माउसनं टिचक्या मारून उभं करायचं नाही, कोडमध्ये लिहायचं. बदल केला की चाचण्या चालून तो आपोआप वर चढला पाहिजे. आणि शेवटची पायरी : यातून काय शिकलात ते लिहून लोकांसमोर ठेवा.

हा आकडा भल्याभल्यांना रडवतो. पहिल्यांदा ब्राउझर अडून बसतो, दुसऱ्या पत्त्यावरून माहिती आणू देणार नाही म्हणतो. 'कॉर्स' नावाचा हा दारवान काय आहे हे कळायला दोन रात्री जातात, पण एकदा कळलं की जन्मभर पुरतं. मग आकडा दिसू लागतो. मग गटातला कुणी खवचट मित्र विचारतो, दोघांनी नेमकं एकाच क्षणी पान उघडलं तर? दोघांनीही ४१ वाचले, दोघांनीही ४२ लिहिले. पाहुणे दोन, वाढला एक. आकडा वाचून मग वाढवण्याऐवजी डेटाबेसलाच 'एक वाढव' असं एका दमात सांगावं लागतं. बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे छळणारा हा प्रश्न त्या मुलाला एका क्षुल्लक आकड्यानं शिकवला. अटलांटातल्या एका प्लंबरनं हे आव्हान पुरं केलं आणि पुढे क्लाउडमध्ये नोकरी मिळवली, हे स्वतः ब्राझील यांनी सांगितलं आहे. मला त्याचं फारसं नवल वाटत नाही. पाणी कुठं तुंबलंय हे आत न बघता ओळखायची सवय त्याला आधीच होती.

केल्सी हायटॉवर यांचं 'कुबरनेटीज द हार्ड वे' हे त्याच जातीचं. आज एका बटणावर मिळणारं कुबरनेटीज त्यात एकेक सुटा भाग जोडून, यंत्रांची ओळख पटवणारं एकेक सर्टिफिकेट हातानं बनवून उभं करायचं. पण यात एक गोम आहे. त्यात कृती पूर्ण लिहिलेली असल्यामुळे तेही जर्नलसारखं उतरवता येतं. पुरं झाल्यावर त्यातला एक भाग मित्रानं गुपचूप मोडून ठेवावा आणि आपण शोधावा, तेव्हा ते अंगी लागतं.

इथं एक इशारा द्यायलाच हवा, कारण तो क्लासमध्ये फार उशिरा मिळतो. क्लाउडची गुप्त किल्ली चुकून कोडमध्ये राहते आणि कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला होतो. अशा किल्ल्या हुंगत फिरणारे बॉट काही मिनिटांत तिथं पोचतात आणि तुमच्या खात्यावर त्यांची यंत्रं चालू होतात. घाबरून मुलं फाईलमधली ओळ खोडतात. गिट जुनं काहीच विसरत नाही, इतिहासात ती ओळ तशीच राहते. आधी किल्ली रद्द करायची, मग बाकीचं. आणि खातं उघडल्या दिवशीच खर्चाची सूचना लावून ठेवायची. विद्यार्थ्याच्या नावावर महिनाअखेरीस आलेलं डॉलरमधलं बिल हा या शिक्षणातला सगळ्यांत महागडा धडा असतो.

प्रोजेक्टबद्दल माझं एक मत आहे, काही जणांना ते हट्टाचं वाटेल. ज्या प्रोजेक्टला वापरणारं माणूस नाही, तो प्रोजेक्ट नव्हे. पाच माणसं पुरतात, पण ती खरी हवीत. गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांचं साधं ॲप घ्या. गणपती जवळ येईपर्यंत कुणी ढुंकूनही बघणार नाही. मग एका रविवारी सकाळी दहा कार्यकर्ते दहा इमारतींत एकदम शिरतील आणि सगळे एकाच वेळी पावत्या फाडतील. तिसऱ्या मजल्यावर रेंज नसेल. पावती दोनदा निघेल. रात्री हिशेब जुळणार नाही आणि खजिनदाराचा फोन येईल. या फोनला काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याही सर्टिफिकेटच्या परीक्षेत नाही. सीकेए ही कुबरनेटीजची परीक्षा त्यातल्या त्यात बरी, दोन तास खऱ्या यंत्रणेवर कमांड चालवून दाखवायला लावते. पण तिथंही खजिनदार नसतो.

मायकल केड यांनी १ जानेवारी २०२२ पासून '९० डेज ऑफ डेव्हऑप्स' सुरू केलं, तेव्हा त्यांचा बेत साधा होता. रोज साधारण एक तास शिकायचं आणि त्याची टिपणं गिटहबवर सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची. लिनक्स, नेटवर्क, क्लाउड, गिट, कंटेनर असं करत नव्वदाव्या दिवसापर्यंत. टिपणं खुली असल्यानं लोक चुका दाखवू लागले, भर घालू लागले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तर लिहिणारेच अनेक झाले. भारतातही हिंदीतून शिकवणाऱ्यांनी याच धर्तीची आव्हानं चालवली, आणि लिंक्डइनवर 'डे १२', 'डे ३७' अशा पोस्टींचा पूर आला.

या पुरात खरं किती आणि वाहून आलेलं किती, हे ओळखणं अवघड नाही. गिटहबवर रोजच्या कामाचा हिरवा चौकोन उमटतो. तो हिरवा राहावा म्हणून रोज एका फाईलमध्ये एक टिंब वाढवणारे आहेत. दुसऱ्याच्या टिपणाला आपलं नाव लावून चढवणारे आहेत. शंभर अनोळखी लोकांनी अंगठा वर केला म्हणजे कुणी हिशेब विचारला असं होत नाही. त्यापेक्षा आपल्या बायकांची भिशी कितीतरी कडक चालते. तिथं बारा जणी असतात, बाराही एकमेकींच्या घरच्या, आणि हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात तोंड दाखवायची पंचाईत. भिशीत कुणी कुणाला प्रोत्साहन देत नाही. नुसतं, 'तुझं राहिलं का गं?' एवढं विचारतात.

चार-सहा जणांचा गट पुरतो. पुण्यात अशा एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप हा 'प्लग' डेव्हऑप्स हा शब्द जन्मण्याआधीपासून इथं आहे, आणि सिम्बायोसिसमध्ये भरणाऱ्या 'ग्नूनिफाय'मध्ये कितीतरी मुलांनी पहिल्यांदा मुक्त सॉफ्टवेअरचं नाव ऐकलं. आता फॉस युनायटेडच्या बैठका होतात, क्लाउडवाल्यांचे गट आहेत. बैठकीला जाणं चांगलं. पण भाषण ऐकून, चहा-समोसा घेऊन, टी-शर्ट घेऊन घरी येणं हा एक सुखद रविवार झाला, एवढंच. काम सोमवारपासून त्या चार-सहांत चालतं.

कामाच्या जबाबदाऱ्या वाटून देणारा समूह कसा असतो हे बघायचं, तर कुबरनेटीजची प्रकाशन-व्यवस्था बघावी. वर्षाला तीन आवृत्त्या निघतात. प्रत्येकीसाठी जगभरातून एक चमू बनतो, आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली काही 'शॅडो' घेतले जातात. त्यासाठी अर्ज मागवतात. निवड झालेली मुलं कोड फारसा लिहीत नाहीत. ती पाठपुरावा करतात. अमुक सुधारणेचा प्रस्ताव तारखेच्या आत पुरा झाला का, दस्तऐवज लिहिले का, चाचणी लाल का दिसतेय. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ज्येष्ठ अभियंत्याला नम्रपणे, पण न विसरता, तिसऱ्यांदा विचारावं लागतं. तारीख टळली तर ती सुधारणा त्या आवृत्तीतून बाहेर. पुढच्या खेपेला यातलाच कुणी प्रमुख होऊ शकतो. कुबरनेटीज संघटनेचा सदस्य व्हायचं तर आधीच्या दोन जाणत्यांनी तुमची शिफारस करावी लागते, आणि ते दोघं एकाच कंपनीचे चालत नाहीत. म्हणजे तुमचं काम ज्यांनी खरोखर पाहिलंय, त्यांनी आपलं नाव पणाला लावायचं. आपल्याकडच्या 'रेफरल'शी हे ताडून पाहावं. इथं शिफारस करणाऱ्यानं पुष्कळदा फक्त बायोडेटाची पीडीएफ पाहिलेली असते, तीही व्हॉट्सॲपवर.

गटानं एकत्र करायचा माझा आवडता प्रकार गूगलच्या लोकांनी लिहून ठेवला आहे. २०१६ च्या त्यांच्या एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग) पुस्तकात, जे इंटरनेटवर फुकट वाचता येतं, 'दुर्दैवाचं चक्र' नावाच्या सरावाचं वर्णन आहे. एक जण सूत्रधार. तो पूर्वी खरोखर घडलेली बिघाडाची गोष्ट मनात धरतो. दुसरा बळीचा बकरा. सूत्रधार म्हणतो, रात्रीचे दोन वाजलेत, फोन वाजला, साइट संथ झालीये. तू काय बघशील? बकरा म्हणतो, अमुक आलेख बघीन. सूत्रधार सांगतो, त्यात असं असं दिसतंय. मग? बाकीचे ऐकतात. लॅपटॉपही लागत नाही, कट्ट्यावर करता येतो. गिटलॅबचीच गोष्ट घेऊन करून पाहावी. पहिल्या दहा मिनिटांत गटातल्या प्रत्येकाचं पितळ उघडं पडतं. कुणी बघण्याआधीच सर्व्हर रीस्टार्ट करतो, कुणी वरिष्ठाला कळवायचंच विसरतो, कुणाला काहीच न करता दोन मिनिटं थांबणं जमत नाही.

यासाठी एक पथ्य लागतं. चूक मोकळेपणानं सांगणाऱ्याला हसायचं नाही. जॉन ऑलस्पॉ यांनी पुढे एट्सी कंपनीत असताना, २०१२ साली, दोषारोप न करता बिघाडाची चौकशी कशी करावी यावर लिहिलं आणि ते बऱ्याच ठिकाणी स्वीकारलं गेलं. शिक्षेची भीती असली की माणूस तपशील लपवतो, आणि बिघाडाचं कारण नेमकं त्या तपशिलातच असतं. गिटलॅबनं त्या अभियंत्यावर दोष ढकलला नाही, आणि रिकाम्या बॅकअपची आख्खी साखळी उजेडात आली. आपल्या वर्गांत चुकलेल्या मुलाला उभं करायची रीत आहे, तेव्हा हे पथ्य आपल्याला जड जाणार हे गृहीत धरावं. आणि जी मुलगी रविवारी सकाळी घरातून निघू शकत नाही, किंवा उदगीरहून फोनवरच जोडली जाते, तिच्यासाठी बैठकीची वेळ बदलणं हेही त्याच पथ्यात मोडतं. 'गट सगळ्यांना खुला आहे' म्हणणं फुकटचं असतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं एआय करेल. टेराफॉर्मचा कोड तो आजच बरा लिहितो, कुबरनेटीजच्या फाईलमधली चुकलेली जागाही दाखवतो. नुसती कमांड उतरवणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, यात मला शंका नाही. पण त्यानं सुचवलेली पुसायची कमांड नेमक्या कुठल्या यंत्रावर चालते आहे, हे बघायला शेवटी 'टीम मेंबर १'च लागतो.

उरला प्रश्न पहिल्या नोकरीचा. नवख्याला थेट डेव्हऑप्सचं काम देणाऱ्या कंपन्या थोड्या. हे सगळं करूनही बहुतेकांना पहिली खुर्ची मिळते ती सपोर्टची. एल-वन, रात्रपाळी, तिकीट आलं की उघडायचं, ठरलेल्या पायऱ्या करून बघायच्या, नाही जमलं तर वर ढकलायचं. घरी सांगायला लाज वाटते, कॉलेजच्या ग्रुपवर तर कुणी बोलतच नाही. क्लासवाले याच मुलांना गाठून सांगतात, इथून बाहेर पड. मला हे उलटं दिसतं. क्लासमध्ये पैसे भरूनही जे मिळत नाही ते, म्हणजे खऱ्या माणसांनी वापरलेलं आणि खरोखर बंद पडणारं प्रॉडक्शन, या मुलांच्या समोर रोज असतं. गोपनीय काही बाहेर न नेता त्यांना तीन गोष्टी सहज करता येतात. वर ढकललेलं तिकीट शेवटी कुणी, कसं सोडवलं हे दुसऱ्या दिवशी विचारायचं. ज्या पायऱ्या ठरवून दिल्यात त्यातली कुठली पायरी आता खोटी झालीये ते लिहून वरिष्ठाला द्यायचं. आणि एकच एक तिकीट आठवड्यात पाचव्यांदा आलं की ते सोडवणारी छोटी स्क्रिप्ट लिहून, परवानगी घेऊन, चालवून बघायची. चार-सहा जणांचा गट जमवणाऱ्यांनी असा एक सपोर्टवाला मुद्दाम शोधून आणावा. दुर्दैवाच्या चक्राला सूत्रधार म्हणून बसवायला त्याच्याइतका माहीतगार मिळणार नाही. फक्त तो रात्रपाळी करून आलेला असतो, त्यामुळे बैठक दुपारी चारनंतर ठेवावी.